सुत्तोले

परिपत्रकाला कानडीत सुत्तोले म्हणतात.
सुत्तु म्हणजे फेरा, ओले म्हणजे ताडाचं पान.
हे हिरेमठ बाईंनी फार उशिरा सांगितलं.
तोवर एकोणीस वर्षं मी ते ओलेच समजत होते,
आणि दोन बोटांत धरून नेत होते,
शाई फिसकटू नये म्हणून.

माझं काम फिरवायचं.
वही कचेरीतून निघाली की पहिली ते सातवी,
मग स्वयंपाकाची खोली, मग परत.
दारात उभं राहायचं. शिकवणं चाललं असलं तर खोकायचंही नाही.
घाडी गुरुजी न वाचता सही करतात.
कुगजी बाई माझंच पेन मागतात,
ते परत येत नाही.

अख्ख्या खानापुरात माझ्याइतकं चालणारं कोण असेल,
आणि घरी आई पाय सुजवून खाटेवर.
बेळगावचा डॉक्टर अगदी पोरगेला.
म्हणाला, पायांत अभिसरण कमी आहे.
म्हणजे?
जरा थांबला. रक्त खाली जातं, वर यायचं विसरतं.
तेवढं कळलं.
आमच्या गल्लीतले अर्धे असेच गोव्याला गेलेत.

बस बायकांना फुकट. चहा नाही.
स्टँडवर दहाचं नाणं पुढं केलं.
नडियंगिल्ल, टपरीवाला म्हणाला.
चालत नाही, मी आईला सांगितलं,
तिनं विचारलं नव्हतं तरी.
दोन्ही भाषांत पैशाला पायच लागतात.
हेच नाणं चोर्ल्याच्या घाटापलीकडं
मुकाट्यानं चालतं म्हणे.

शुक्रवारी सुत्तोले आलं. दोन पानी, जांभळा शिक्का.
हेडमास्तर म्हणाले, फिरव गे,
आणि खिडकीतून मलप्रभेकडं बघत राहिले,
नदीला त्या दिवसांत पाणी नसतं.
घाडी गुरुजींनी वाचलं.
परत वाचलं.
कुगजी बाईंनी पेन परत दिलं.
मला वाटलं, लुगड्याला मागं काही लागलंय.

कानडी मला येतं, बाजारापुरतं, भांडणापुरतं.
अक्षरं मात्र अजून गोलच दिसतात,
एकाला धरावं तर दुसरं घरंगळतं.

हिरेमठ बाईंचा वर्ग शेवटचा.
त्यांनी सही केली नाही. मला बाकावर बसवलं,
पोरांना म्हणाल्या, पाढे म्हणा, मोठ्यानं.
मग ओळीखाली बोट धरून वाचलं,
आधी कानडीत, मग मराठीत,
कारण कानडीत समजलं होतं, पण पटलं नव्हतं.
पट कमी. शिपाई, एक. एकतीस मेपासून.
माझं नाव नव्हतं त्यात.
नाव नसलेलं ते
मीच दारोदार नेलं होतं.

ताडाच्या पानाचं त्यांनी तेव्हाच सांगितलं.
पूर्वी म्हणे एकच पान असायचं,
गावोगाव हिंडून जिथलं तिथं परत यायचं.
आणि नेत कोण होतं? मी विचारलं.
त्यांना ते माहीत नव्हतं.
पोरं तेराच्या पाढ्यात अडकली होती,
तेरी साता, तेरी साता, पुढं कुणीच जाईना.

सहीचं शेवटचं घर माझं असतं.
शेवंता भरमाणी गुरव, मी मराठीत लिहिलं,
परत आलेल्या पेनानं,
आणि वही होती तिथं, कपाटात, उजव्या कप्प्यात ठेवली.
मग घंटा दिली. दोन मिनिटं उशिरा.

रात्री आईचे पाय मांडीवर घेतले.
खालून वर चोळायचं, डॉक्टर म्हणाला होता,
वरून खाली कधीच नाही.
एरंडेल घेऊन टाचेपासून गुडघ्यापर्यंत,
हात उचलायचा, पुन्हा टाचेपाशी.
आज काय आलं शाळेत? तिनं विचारलं.
सुत्तोले, म्हटलं.
तिला हल्ली कमी ऐकू येतं.
ओले? मग वाळत घाल की,
म्हणाली, आणि दुसरा पाय पुढं केला.